रात्रीची थकबाकी

पोटात कावळे ओरडू लागले, असे आपण म्हणतो. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवीत आहे. पण हा वाक्प्रचार ज्याने प्रथम उच्चारला त्याला रात्रीची भूक ठाऊक नसावी, हे माझ्या ध्यानात आले ते अगदी अलीकडे. कावळा हा दिवसाचा पक्षी. दिवेलागणीला तो मुकाट्याने आपल्या झाडावर जातो आणि पहाटेपर्यंत ब्र काढीत नाही. माझ्या पोटातल्या कावळ्यांची शाळा मात्र रात्री साडेअकराला भरू लागली होती.

याचे मूळ आषाढात झालेल्या एका तपासणीत आहे. महाविद्यालयात आम्हां सर्व प्राध्यापकांचे वजन, उंची, रक्त असे सारे पाहण्यात आले. माझे वजन भरले ८४ किलो आणि कंबर भरली १०० सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० च्या आत असावी, असे डॉक्टर म्हणाले. ते गृहस्थ बोलायला मोठे गोड. मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारा माझा आकडा ६.१ आला होता. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तुम्ही अजून उंबरठ्यावरच आहात, सर."

त्यांना वाटले, आपण धीर दिला. पण उंबरठ्यापलीकडचे ते घर मी पाहिलेले होते. माझे वडील त्या घरात अकरा वर्षे राहिले. आधी गोळ्या, मग इन्सुलिन, मग पायाची न भरणारी जखम, मग दोन बोटे गेली, आणि २०१४ साली वडीलही गेले. माझा मुलगा आता दहावीत आहे. मी जे पाहिले ते त्याने पाहू नये, एवढेच त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात होते.

उंबरठ्यावरून मागे फिरता येते, हेही डॉक्टरांनी सांगितले. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. उंबरठ्यावरच्या माणसांना त्यात वजन सात टक्के उतरवायला आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालायला सांगितले होते. त्यांच्यातले मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. माझे सात टक्के म्हणजे सहा किलो. सहा किलो म्हणजे काय मोठेसे! एवढ्या वजनाच्या तर माझ्याकडे तपासायच्या उत्तरपत्रिका पडलेल्या असतात.

पण मास्तर माणसाला कोणतीही गोष्ट बेताने करता येत नाही. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी काकडी आणि वाटीभर ताक, संध्याकाळी पुन्हा चहा आणि रात्री साडेसातला दुधीचे पातळ सार, असा क्रम मी आखला. हिने डब्यात पोळी घालू केली तर मी ती परत काढून ठेवी. "अहो, दिवसभर उभं राहून शिकवायचं असतं तुम्हाला," असे ती म्हणे. पण तपश्चर्येला बसलेला मनुष्य संसाराचे ऐकत नसतो. दिवस तर मी दिमाखात काढी. प्राध्यापकांच्या खोलीत कुणी वडापाव आणला की मी त्याच्याकडे करुणेने पाही. आणि रात्र झाली की मीच करुणेला पात्र होई.

साडेअकरा वाजले की घर निजे आणि मी जागा होई. प्रथम मी अंथरुणात पडून स्वतःला व्याख्यान देई. मग पाणी पिई. मग 'रुचिरा' वाची! होय, कमलाबाई ओगल्यांचे १९७० साली निघालेले, आईच्या फडताळातले ते पुस्तक माझ्या उशाशी आले होते. ज्या हातांनी संत साहित्य चाळायचे, त्या हातांनी मी अळूवड्यांची पाने उलटीत होतो. मला याची लाज वाटे. पण पुढे एका लेखात एक हकीकत वाचली आणि थोडा दिलासा मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा येथे छत्तीस निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने जवळजवळ अर्ध्या आहारावर ठेवण्यात आले होते. ते तरुण झुरले, चिडचिडे झाले, त्यांना खाण्याखेरीज दुसरे काही सुचेना, आणि त्यांतले कित्येक पाकशास्त्राची पुस्तके वाचीत बसू लागले! म्हणजे ही लक्षणे माझ्या एकट्याच्या दुबळ्या स्वभावाची नव्हती. पोट रिकामे ठेवले की मन स्वयंपाकघरात जाऊन बसते, मग ते मन मिनेसोटातले असो की मराठी विभागातले.

मनाच्या मागोमाग पायही जात. अंधारात, दिवा न लावता, चिवड्याच्या डब्याशी. वाटीत घेऊन खाणे म्हणजे खाल्ल्याची कबुली देणे. म्हणून मी उभ्याउभ्याच मूठ भरी. एक मूठ, मग दुसरी. तिसरीनंतर मोजणे थांबे. सकाळी हिच्या लक्षात आल्यावाचून कसे राहणार? ती बोलली काहीच नाही. फक्त त्या रात्रीपासून डब्याच्या झाकणावर एक स्टीलची पळी आडवी दिसू लागली. मांजरासाठी दुधावर झाकण ठेवावे, तशी.

श्रावणातल्या एका रात्री ती पळी पडली. मध्यरात्री फरशीवर पळी पडते तेव्हा केवढा आवाज होतो, ते ज्याने ऐकले आहे त्यालाच कळेल. मी मूठ तोंडाशी नेलेल्या स्थितीत थिजलो. दिवा लागला. दारात आई उभी होती. अडुसष्ट वर्षांची, अर्धवट झोपेतली, एका हाताने भिंत धरलेली. मला वाटले, आता रागावणार किंवा हसणार. ती जवळ आली, तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, मानेमागे चाचपून पाहिले आणि विचारले,

"घाम आलाय का रे? हात थरथरतायत?"

मी नाही म्हटले. तिने सुस्कारा सोडला आणि ती पाटावर बसली. "मग बरं आहे. साखर-पाणी नको," ती स्वतःशीच म्हणाली.

तेव्हा मला उलगडा झाला. इन्सुलिनवर असताना वडिलांची साखर रात्री कधी कधी एकदम उतरत असे. ते भुकेने, घामाने डबडबून उठत आणि डब्यांशी खुडबुड करीत. आई तीन चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांना पाजी आणि उतार पडेपर्यंत जवळ बसून राही. ती भूक आजाराची होती. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने ती अंगावर काढायची नसते, साखर तपासून ताबडतोब उपाय करायचा असतो. वडील जाऊन इतकी वर्षे झाली. आई एका खोलीत निजते, पण तिचा कान अजून स्वयंपाकघराकडे असतो, हे मला त्या रात्री कळले. मी चोरून चिवडा खात होतो, आणि तिच्या छातीत धस्स होत होते.

मी मूठ डब्यात रिकामी केली. "भूक लागते ग रात्री," मी म्हणालो. हे वाक्य मोठ्याने म्हणायला मला दीड महिना लागला होता.

"दुपारी काय जेवलास?"

मी काकडी आणि ताक सांगितले. ती हसली. "अरे, दिवसभर पोटाचं देणं थकवायचं आणि रात्री ते वसुलीला आलं की तोंड लपवायचं! ही कुठली रीत?"

मग तिने मला एक कसोटी सांगितली. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा-पंधरा वर्षांची, बार्शीकडच्या आपल्या माहेरी होती. रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. तिची भाकरी धड थापली जात नसे, घशाखाली उतरत नसे. "रात्री भूक लागली की मनाला विचारायचं," आई म्हणाली, "आत्ता समोर मिलोची भाकरी आली तर खाशील का? खाईन म्हणालं, तर ती भूक. तिला उपाशी निजवू नये, काही तरी द्यावं. आणि चिवडाच हवा म्हणालं, तर ती भूक नव्हे. तिला थोडं थांबवलं तरी चालतं."

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण मी वर्गात कितीदा समजावून दिली असेल! तिचा अर्थ मला स्वयंपाकघरातल्या पाटापाशी बसून शिकावा लागला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना मी सगळे मोकळेपणाने सांगितले. त्यांनी आईचीच बाजू घेतली. शरीराचे घड्याळ असे लावलेले असते की भूक सकाळी सर्वांत कमी आणि संध्याकाळनंतर सर्वांत जास्त असते. म्हणून सकाळ-दुपार उपाशी राहणे सोपे जाते आणि आपल्याला आपल्या निग्रहाचा भ्रम होतो. त्यात झोप कमी पडली, की भूक चेतविणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य रक्तात वाढते. हे द्रव्य १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधून काढले. मी रात्री एकपर्यंत उत्तरपत्रिका तपाशी आणि सहाला उठे. म्हणजे अन्नाबरोबर झोपेचेही देणे थकले होते.

आता मी दुपारच्या डब्यात दीड भाकरी, मटकीची उसळ आणि कोशिंबीर नेतो. पाच वाजता मूठभर फुटाणे. रात्री आठला घरच्यांबरोबर बसून जेवतो. भात कमी, वरण-भाजी जास्त. उत्तरपत्रिका पहाटे तपासतो. विद्यार्थ्यांना त्यामुळे चार गुण अधिक पडत असावेत असा माझा संशय आहे, कारण पहाटेचा परीक्षक भुकेलेला नसतो. जेवणानंतर मुलाला बरोबर घेऊन अर्धा तास चालतो. आणि एवढे करूनही रात्री भूक लागलीच, तर दिवा लावतो, मिलोची कसोटी घेतो, आणि ती खरी ठरली तर कपभर दूध किंवा अर्धी भाकरी ताटलीत घेऊन, बसून खातो.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांच्या कागदावर नव्हती. ती माझी मला कळली. दिवसभर मी विद्यार्थ्यांचा, प्राचार्यांचा, अहवालांचा असतो. रात्री साडेअकराला कोठे मी माझा होतो, आणि त्या एकान्तात करण्यासारखे मला खाण्यावाचून दुसरे काही उरले नव्हते. आईचेही तसेच. दिवसा आम्ही सारे बाहेर. तिच्याशी कोणी बोलायचे? हे तिसरे देणे. त्याची फेड म्हणून साडेनऊला, चालून आल्यावर, मी तिच्या पलंगापाशी बसतो. कधी ती बार्शीचे सांगते, कधी वडिलांचे, कधी आम्ही नुसतेच बसतो. दहाला ती म्हणते, "जा आता, नीज."

चार महिन्यांत साडेचार किलो उतरले आहेत. दीड अजून बाकी आहे. साखर ५.८ वर आली आहे. म्हणजे मी अजून उंबरठ्यावरच आहे, पण तोंड घराबाहेर आहे. मध्यंतरी गणपतीत आठ दिवस घसरलो होतो. एका रात्री पुन्हा अंधारात डब्याशी गेलो, तेव्हा पळी हातात घेऊन काही क्षण उभा राहिलो आणि आधी दिवा लावला. मग चिवडा खाल्ला तो वाटीत. वाटीला तळ असतो, हा तिचा मोठा गुण आहे.

परवा घरात बेसनाचे लाडू वळले. ही डबे भरत होती आणि सवयीने तिने पळी उचलून झाकणावर आडवी ठेवली. आईने ती काढली आणि खुंटीला टांगली.

"त्याला चार वाजता एक लाडू दे," ती हिला म्हणाली, "ताटलीत. आणि रात्री पळी पाडून मला उठवू नका आता. मला झोप लागायला लागली आहे."