वासाचे शब्द

मी दारू पीत नाही. कॉलेजात असताना दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. त्यातली दारूची आजवर मोडलेली नाही. आणि मी मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात बारवर कामाला आहे. परवाच्या मीटिंगला आपल्यातल्याच एकाने तोंडावर विचारले, "जयभीम म्हणतोस आन् दारू वाटतोस?" तेव्हा उत्तर सुचले नाही. आता लिहितो.

कामाला लागलो तेव्हा आम्हा पाच पोरांना शिकवायला एक साहेब आले. बुडाशी फुगीर, तोंडाशी निमुळता ग्लास. आधी रंग बघायचा. मग नाकाशी धरायचा, ओठ जरा उघडे ठेवून. मग घोट. मग थोडे पाणी घालून पुन्हा वास. पाण्याने दबलेले वास मोकळे होतात. जिभेला पातळ लागते की तेलकट, त्याला बॉडी म्हणायचे. घशाखाली उतरल्यावर चव किती वेळ मागे राहते, ते फिनिश. मी म्हटले, साहेब, मी पीत नाही. ते म्हणाले, "मग नाकानं शीक. व्हिस्की मिसळणारे तज्ज्ञही बहुतेक निकाल नाकानंच लावतात."

शिकलो. स्कॉच म्हणजे स्कॉटलंडात गाळून तिथेच ओकच्या पिपात निदान 3 वर्षे मुरवलेली. सिंगल माल्ट म्हणजे एका पिपातली नव्हे. एकाच भट्टीतली, आणि मोड आणलेल्या जवाचीच. ब्लेंडेड म्हणजे माल्टमध्ये दुसऱ्या धान्याची मिसळलेली. बर्बन अमेरिकेची. तिच्यात निदान 51 टक्के मका, आणि आतून जाळलेले कोरे ओकचे पिंप. त्या लाकडातून व्हॅनिलाचा वास येतो. शेरीच्या पिपात मुरली की मनुका, खारीक. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची बरीचशी धुरकट, कारण जव वाळवताना तिथे पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत कुजून दबलेला झाडपाला, कापून वाळवलेला. आपली गोवरी नव्हे, पण धूर तो धूरच. आणि आपल्याकडची स्वस्त व्हिस्की बहुतेक उसाच्या मळीच्या अल्कोहोलची. युरोपात तिला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिथे व्हिस्की धान्याचीच लागते.

माझा बाप हातभट्टीची प्यायचा. काळा गूळ आणि नवसागर. चवीबद्दल त्याच्या तोंडी एकच वाक्य, "पयल्या धारेची हाय." म्हणजे त्याच्या वर काही नाही. साहेबांनी सांगितले, स्कॉटलंडात पहिली धार वेगळी काढतात, शेवटचीही. मधली तेवढी पिपात जाते. बाप ज्याचा तोरा मिरवायचा ते तिकडे मुरवायलासुद्धा घेत नाहीत. आणि आपल्या वस्त्यांत काय येते? 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलची दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. त्यांना ग्लास हुंगायला कुणी शिकवले नव्हते.

साहेबांच्या शब्दांच्या यादीत एक शब्द होता : लेदर. जुन्या कातड्याचा वास. तो मुरलेल्या व्हिस्कीचा गुण.

मी ढोराचा पोर. बाप कातडी कमवायचा. आधी चुन्याच्या हौदात, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात. तो वास घराला, अंथरुणाला, माझ्या वहीला. शाळेत मास्तर मला दाराशी बसवायचे. पोरे नाक धरायची. माय शर्ट दोनदा धुवायची आणि म्हणायची, "आता नाय येत रं." यायचा.

एका रात्री टेबलावरच्या गिऱ्हाइकाने विचारले, हिच्यात काय काय आहे सांग. मी ग्लास हुंगून सांगितले, धूर, मनुका, लेदर. तो खूश. "वा! लेदर!" मग विचारले, आडनाव काय, गाव कुठले. सांगितले. तो हसून सोबतच्यांना म्हणाला, "तरीच! लेदर ह्याला बरोबर कळणार." टेबल हसले. मी बाटली ठेवली. टिप मोठी होती. मी ती घेतली. हेही लिहितो, कारण लपवले तर बाकीचे लिहिण्यात अर्थ नाही.

दोस्तहो, अमेरिकेत टेनेसीची जॅक डॅनियल जगभर खपते. त्या जॅकला गाळायला शिकवले निअरेस्ट ग्रीन नावाच्या काळ्या माणसाने. तो गुलाम होता. गुलामी संपल्यावर जॅकच्या भट्टीचा पहिला मुख्य गाळणारा तोच. बाटलीवर नाव जॅकचे. ग्रीनचे नाव कंपनीने उघडपणे घ्यायला 2016 साल उजाडले. 1972 मध्ये आपण ज्यांच्याकडून पँथर हे नाव घेतले, त्यांच्याच रक्ताचा हा माणूस. नाक त्याचे, हात त्याचे, नाव दुसऱ्याचे.

आता त्या प्रश्नाचे उत्तर. तथागतांनी नशेच्या वस्तूंचा व्यापार उपासकाला वर्ज्य सांगितला आहे. मला माहीत आहे. मालक मी नाही, नोकर आहे, ही पळवाट मी काढत नाही. माझी आजीविका सम्यक नाही. घरात चार तोंडे आहेत. दुसरे काम शोधतो आहे, मिळाले की हे सोडीन. तोवर मला मीटिंगला येऊ द्या.

आणि दारू नका पिऊ, पण शब्द घ्या. कातडे बाटलीत असले की गुण, आणि माझ्या शर्टाला असले की विटाळ. वास एकच. त्याला नाव कोण देतो, भांडण तिथे आहे.

गेल्या महिन्यात गावी गेलो. बापाचे लिव्हर गेले, आता पीत नाही. कातडीही बंद. हौद कोरडा पडलाय. मी वाकून नाक लावले, साहेबांनी शिकवले तसे, ओठ जरा उघडे ठेवून. बाप म्हणाला, "काय हुंगतुयास कुत्र्यावानी?"

मी म्हटले, थांब बा, सांगतो. आधी चुना. मग बाभळीची साल, तुरट. मागून ओली माती. आणि अगदी शेवटी, लांबवर राहणारे, कातडे.

बाप बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हिरडा इसरलास."