परळचा मुक्काम

बाहेरगावचा माणूस मुंबईत भेटला की आपण सहज विचारतो, "काय, कुठे उतरलात?" कोणी गिरगाव सांगतो, कोणी डोंबिवलीला बहिणीकडे म्हणतो, कोणी ठाण्याच्या भाच्याचे नाव घेतो. आपण पुढे लगेच चौकश्या सुरू करतो : कसे काय येणे केलेत, किती दिवस आहात, जेवायला कधी येता. पण समोरचा माणूस "परळला" एवढेच म्हणाला, तर मात्र आपली जीभ जरा अडखळते. आवाज आपोआप उतरतो. आणि त्याने हळूच पुढे जोडले, "वडिलांना टाटाला दाखवलंय," की मग विचारण्यासारखे काही उरतच नाही.

टाटांची मोटार आहे, टाटांचे मीठ आहे, टाटांचा चहा आहे. परंतु "टाटाला दाखवलंय" या वाक्यातला टाटा एकच. त्या एका शब्दाच्या आडोशाने आपण दुसरा एक शब्द उच्चारायचे टाळतो. परळ म्हटले की तो टाळलेला शब्द आठवतो, म्हणून पुष्कळ मुंबईकर परळवरून रोज गाडीने जातात. पण कामाशिवाय तिथे उतरत नाहीत. वाचकहो, या दिवाळीत आपण तिथे मुद्दाम उतरू या.

परळ स्टेशनाबाहेर पडून पूर्वेला चालू लागले की दहा-पंधरा मिनिटांच्या टापूत जितकी इस्पितळे लागतात, तितकी देशातल्या दुसऱ्या एखाद्या पेठेत क्वचितच लागतील. पुण्यात जशी तांबटांची आळी, बोहऱ्यांची आळी, तशी ही मुंबईची दुखणाइतांची आळी. एकेकाळी इथे मुंबईच्या गव्हर्नराचा बंगला होता. प्लेगच्या साथीत, 1897 साली, डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. 1899 साली त्यांची प्रयोगशाळा याच बंगल्यात आली. जिथे लाटसाहेबांच्या मेजवान्या झडल्या, तिथे लशीच्या बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. पुढे 1926 साली केईएम इस्पितळ उभे राहिले. त्याच्याबरोबरच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून पैसा मिळाला. अट अशी की, शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. त्या दिवसांत मोठ्या इस्पितळांत मोठ्या जागा गोऱ्या डॉक्टरांकडेच असत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या अटीची किंमत कळते. शेजारीच वाडियांची दोन इस्पितळे, एक बाळंतिणींचे आणि एक मुलांचे. आणि मग टाटा.

या इस्पितळाच्या मुळाशी एका नवऱ्याचे दुःख आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांना रक्ताचा कर्करोग झाला. पैशाला तोटा नव्हता, विलायतेतले डॉक्टर हाताशी होते. पण 1931 साली त्या दुखण्यावर जगात कुठेच इलाज नव्हता. त्या गेल्या आणि वर्षभरात दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासाने 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला 80 खाटांचे इस्पितळ उघडले. 1957 मध्ये ते केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. इस्पितळ आणि अणुऊर्जा यांचा मेळ कसा, असे प्रथम वाटते. पण कर्करोगाच्या गाठी जाळायला किरण लागतात आणि किरणांचे शास्त्र त्या खात्याकडे. पुढे याच खात्याच्या शास्त्रज्ञांनी 'भाभाट्रॉन' नावाचे किरणोपचाराचे देशी यंत्र तयार केले. इस्पितळासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. इथे हयात घालवलेला हा शस्त्रवैद्य. मुंबईत राजेरजवाड्यांची नि पुढाऱ्यांची नावे मिरवणारे रस्ते पुष्कळ. डॉक्टरच्या नावाचा रस्ता रोग्यांच्याच पायाखाली असावा, यात एक औचित्य आहे.

सकाळी आठच्या सुमाराला या रस्त्यावर उभे राहावे. सारा हिंदुस्थान आपल्यासमोरून जातो. बिहारचे धोतर, बंगालची साडी, ईशान्येकडचा नाजूक चेहरा, विदर्भातला फेटा. प्रत्येकाच्या काखेत एक प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत फाईल. घरच्या दागिन्यांचा डबा जपावा, तशी ही फाईल जपली जाते. झोपताना ती उशाखाली असते. कोणाच्या नाकात नळी, कोणाच्या डोक्याला रुमाल. शहाळीवाल्याचा धंदा इथे जोरात, कारण घशाखाली दुसरे काही उतरत नाही असे गिऱ्हाईक त्याला रोज भेटते. आणि आश्चर्य हे की, या गर्दीत रडारड जवळजवळ नसते. लोक रांगेत उभे असतात, एकमेकांना खोल्यांचे नंबर सांगत असतात, "पहिल्यांदाच का? मग आधी त्या खिडकीवर जा," असे आपणहून समजावत असतात. आदल्या महिन्यातला नवखा या महिन्यातला वाटाड्या झालेला असतो.

माझे मामा तालुक्याच्या शाळेत मास्तर होते. तीस वर्षे त्यांच्या आवाजाने शाळेची कौले हलवली. त्याच आवाजाला घोगरेपण आले, आधी सुंठ-मध झाला, मग काढे झाले आणि शेवटी आम्ही परळला आलो. स्वरयंत्रातच गाठ होती. इथली पद्धत अशी की, एकटा डॉक्टर निकाल देऊन मोकळा होत नाही. कापणारा, किरण देणारा आणि औषध देणारा असे तिघे तज्ञ मिळून विचार करतात, कारण तिघांचे उपाय एकमेकांवर बेततात. आधी काय आणि मागून काय, यावरच सारे अवलंबून. त्यांनी ठरवले की स्वरयंत्र काढावे लागेल.

मामांनी पाटीवर लिहून विचारले, "मग मास्तर कशाचा?"

मला वाटले, डॉक्टर घड्याळाकडे पाहतील. बाहेर पन्नास माणसे बसली होती. पण त्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि कागदावर चित्र काढून दाखवले. श्वासाची वाट आता गळ्यातल्या भोकातून जाईल. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या पडद्यात एक इवलीशी झडप बसवता येते. गळ्यातले भोक अंगठ्याने झाकले की श्वास त्या झडपेतून अन्ननलिकेत शिरतो, तिथले स्नायू थरथरतात आणि त्या थरथरीचा आवाज होतो. "पूर्वीचा गळा नाही मिळायचा, मास्तर. पण शब्द तुमचेच राहतील," असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी एका गृहस्थांना बोलावले. त्यांचे हेच ऑपरेशन पूर्वी झालेले. त्यांनी गळ्यावर अंगठा ठेवला आणि खरखरीत पण स्वच्छ मराठीत विचारले, "कुठलं गाव आपलं?" मामांनी सही करायला लगेच पेन मागितले. हजार शब्दांच्या समजावणीने जे झाले नसते, ते त्या तीन शब्दांनी झाले.

रोगाचे शास्त्र जाणणे ही तज्ञाची विद्या खरीच. पण या माणसाचे नेमके काय हरवणार आहे, हे ओळखणे हीही त्याच विद्येचा भाग आहे, हे मला त्या दिवशी कळले.

आता प्रश्न मुक्कामाचा. औषधोपचार एक-दोन दिवसांत संपत नाहीत. किरणोपचार सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. लहान मुलाला रक्ताचा कर्करोग असला तर इलाज दोन-तीन वर्षे चालतो. मेहेरबाईंच्या काळी ज्या रोगकुळावर औषध नव्हते, त्यातल्याच मुलांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारातून आज बहुसंख्य मुले बरी होतात; पण कधी? इलाज पुरा झाला तर. शेतावरचा माणूस मुंबईत इतके दिवस राहणार कुठे? खिशातले पैसे संपले की तो मुलाला उचलून गावी जातो आणि अर्धवट राहिलेला रोग पुन्हा उचल खातो. म्हणजे डोक्यावरचे छप्पर हेही इथे औषधच.

म्हणूनच परळची हद्द परळला संपत नाही. ती दादरपर्यंत पोचते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. हातात खराटा आणि डोक्यावर फुटके गाडगे घेऊन फिरणाऱ्या त्या सत्पुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र त्यांतल्या एकीतही बिऱ्हाड केले नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी ते गेले. त्यांचे नाव घेऊन चाललेल्या मिशनच्या या दादरच्या वास्तूत आज कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातलग माफक पैशांत राहतात, जेवतात. पंढरीचा वारकरी आणि परळचा वारकरी, दोघांची वाट लांबचीच. परळमध्ये नाना पालकर स्मृती समिती आहे. 2006 साली सुरू झालेली सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे आहेत, जिथे मुले आईबापांसह विनामूल्य राहतात आणि आजाराच्या दिवसांतही अभ्यास करतात. तरीही जागा अपुरी पडते. रात्री पदपथावर ताडपत्रीखाली झोपलेली कुटुंबे आजही दिसतात, आणि ते पाहून मान खाली जाते.

परळच्या विद्येने आणखी एक गोष्ट केली. ती इस्पितळाबाहेर केली. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळेवर दिसला तर बाई वाचते. पण तो शोधण्याच्या विलायती तपासणीला प्रयोगशाळा हवी आणि तज्ञ हवा. 1998 पासून टाटाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडवस्त्यांत साध्या शिकलेल्या आरोग्यसेविका पाठवल्या. त्यांच्या हाती काय? पातळ केलेले सिरक्याचे आम्ल, आपण लोणच्या-सॅलडात घालतो तेच. ते लावले की संशयित भाग पांढरा दिसतो. सुमारे दीड लाख बायकांचा हा अभ्यास बारा वर्षे चालला आणि 2013 साली निष्कर्ष बाहेर आला : तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले होते. मोठे शास्त्र नेहमी मोठ्या यंत्रातच राहते, असे नाही.

पण प्रत्येक वाट बरे होण्याकडे जात नाही, हे परळला जितके ठाऊक आहे तितके कोणालाच नसेल. "आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या," हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले आहे. टाटातलेच एक शस्त्रवैद्य, डॉ. लुईस डिसोझा यांना ते वाक्य पटेना. लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी 1967 साली असाध्य रोग्यांसाठी खास इस्पितळ उघडले होते. तसे इथे का नसावे? 1986 साली वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, देशातले असे पहिले घर उभे राहिले : शांति अवेदना. नाव किती विचारपूर्वक ठेवले आहे पाहा. वेदना जिथे नाही ती अवेदना. खाली समुद्र, वर नारळीची झावळी, आणि आत कोणत्याही जातिधर्माच्या रोग्याला विनामूल्य शुश्रूषा. नन्स तिथे रोग्यांना न्हाऊ घालतात, जखमा धुतात, भरवतात. पुढे गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा निघाली.

तिथले शास्त्रही नीट समजून घेण्यासारखे आहे. कळ उठली की मग औषध द्यायचे, ही जुनी रीत. साँडर्सबाईंनी सांगितले, कळ उठण्याआधीच, घड्याळ लावून द्या. म्हणजे रोग्याला कळीची धास्तीच उरणार नाही. या कामाला मॉर्फिन लागते, आणि ते अफूचे. आपल्याकडे 1985 च्या अंमली पदार्थांच्या कडक कायद्याने चोरांबरोबर रोग्यांचीही वाट अडली. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर 2014 साली तो कायदा सुधारला गेला. दुखणे थांबवण्यासाठीही माणसाला कायद्याशी झगडावे लागते!

आपल्या मराठीत दोन क्रियापदे शेजारी शेजारी नांदतात : बरे होणे आणि बरे वाटणे. आपण पहिल्याच्या मागे इतके लागतो की दुसऱ्याला विसरतो. परळ आणि वांद्रे मिळून ही दोन्ही क्रियापदे चालवतात. जिथे पहिले थांबते, तिथून दुसरे हातात हात घेते.

मामा गावी परतले. शाळेत आता ते शिकवत नाहीत, पण पंधरा ऑगस्टला गळ्यावर अंगठा ठेवून भाषण करतात, आणि पोरे एरवीपेक्षा शांत बसून ऐकतात, कारण कान देऊन ऐकल्याशिवाय ते कळत नाही.

दिवाळीत घरोघर फराळाची ताटे फिरतील, नातेवाईक भेटतील, आणि रिवाजाप्रमाणे आपण म्हणू, "काय, बरं आहे ना?" उत्तराची वाट न पाहता आपण करंजी उचलू. परळच्या त्या रस्त्यावर हाच प्रश्न दिवसातून हजार वेळा विचारला जातो. पण तिथे विचारणारा थांबतो, आणि उत्तर ऐकून घेतो.