बॅटरीला कशाला बदनाम करता?

जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाच्या सवयीही तिच्यासोबत घरी येतात. आम्ही घेतलेली मोटरसायकल साडेतीनशे सीसीची, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली. रुंद सीट, मागे सामानाचे कॅरिअर, क्रॅशगार्डवर वरून बसवलेले दोन जादा दिवे. उर्दू शाळेतल्या मास्तरला एवढी मोठी गाडी कशाला, असे स्टाफरूममध्ये विचारले गेले. उत्तर साधे होते. आमची नोकरी मिरजेत आणि अम्मी-अब्बा रत्नागिरीकडच्या गावात. अब्बांची तब्येत नाजूक. रात्री फोन आला तर सकाळच्या एसटीची वाट पाहत बसता येत नाही. कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट करत रातोरात पोहोचवणारी गाडी हवी होती, आणि नवी घेण्याची ऐपत नव्हती.

गाडीला दुखणे एकच. दिवसा कितीही चालवा, कुरकुर नाही. रात्री मात्र दीड-दोन तासांत हेडलाइट पिवळा पडायचा, हॉर्नचा आवाज बसायचा, आणि एकदा बंद केलेली गाडी पुन्हा उठायची नाही. इग्निशनही बॅटरीवरच, त्यामुळे किक मारूनही उपयोग नसे. आंबा घाटाच्या वळणावर, मागे बीवी बसलेली असताना समोरचा उजेड विझत जातो, तेव्हा ओठांवर आपोआप दुआ येते.

गाडीच्या कागदांत आधीच्या मालकाच्या दोन पावत्या होत्या. दोन्ही बॅटरीच्या, दीड वर्षाच्या आतल्या. गॅरेजवाल्याने तिसरी सुचवली. आम्ही म्हटले, आधी मोजू या. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिकच्या टपरीवर गाडी नेली. तिथे काम करणारा पोरगा आमचाच जुना विद्यार्थी निघाला. दहावीला बरे गुण होते त्याला. अकरावी सायन्सला गेला, तिथे सगळे इंग्रजीत, आणि सहा महिन्यांत कॉलेज सुटले. त्याने गाडीचा इतिहास ऐकला, मीटर काढला आणि म्हणाला, "सर, बॅटरी को कायको बदनाम करते? वो तो सिर्फ रखती है, कमाती कोई और है."

बोलणे अगदी बरोबर होते. बॅटरी म्हणजे घरातला रांजण. रांजण रिकामा दिसला म्हणून कोणी रांजण बदलत नाही, पाणी कुठे अडले ते पाहतो. गाडीत वीज तयार होते ती मॅग्नेट कॉईलमध्ये. इंजिनाबरोबर चुंबक फिरतो, शेजारच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज उमटते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच. आमच्या उर्दू वर्गात त्याला बर्की मकनातीसी इमाला म्हणतात. ही वीज दिशा बदलत राहणारी असते. आरआर युनिट तिला एकदिश करते, आवर घालते आणि मग बॅटरीला देते.

पोराने एकेक टप्पा तपासला. गाडी बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्ट. पूर्ण भरलेली असती तर १२.६ च्या पुढे हवी होती. इंजिन चालू करून रेस दिली तर १४ च्या आसपास जायला हवे, पण काटा १३.१ वर अडला. हेडलाइट लावला तेव्हा १२.२, आणि हळूहळू खाली. जादा दिवे बंद ठेवले तरी तेच. मग त्याने सीटखालचा कपलर सोडवला. कॉईलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या वायरी दोन-दोन करून मोजल्या. तिन्ही जोड्यांत सारखाच, एक ओमहून कमी रोध. बॉडीशी एकही जोडलेली नाही. इंजिन चालू करून मोजले तर तिन्ही जोड्यांत व्होल्टेज सारखे आणि रेसबरोबर चढणारे. कॉईल ठणठणीत होती.

मग त्याने हातातला कपलर उलटा करून दाखवला. तीनपैकी एक पिन काळी पडलेली, भोवतीचे प्लास्टिक वितळलेले.

दोष एवढाच. पिन सैल होती, वर हिरवा गंज चढला होता. सैल जागी रोध वाढतो, आणि त्यातून १० अँपिअर जाऊ लागले तर अवघ्या ०.३ ओमला ३० वॅट उष्णता होते. सोल्डरिंगची कांडी साधारण एवढ्यावरच तापते. उष्णतेने पिन आणखी सैल, गंज आणखी जास्त. अखेर तिसरी वायर जोडलेली असून नसल्यासारखी झाली. उरलेल्या दोघींची कमाई दिवसाच्या खर्चाला पुरायची. ६० वॅटचा हेडलाइट लागला की ५ अँपिअरचा भार वाढायचा, आणि तूट बॅटरी आपल्या गाठीतून भरायची. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनासोबतच लागतो. आमची गाडी त्याआधीची, म्हणून रोग दिवसा लपून राहिला.

त्याने जळका भाग कापला, नव्या पिना दाबून वर डाग दिला, नवा कपलर बसवला. अर्थिंगचा बोल्ट पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला. जादा दिव्यांची मध्येच सोलून जोडलेली वायर काढून टाकली. पुन्हा मीटर लावला. रेसवर १४.२, हेडलाइट लावून १३.८. बॅटरी जुनीच होती. खर्च नव्या बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता.

पैसे देताना तो म्हणाला, "सर, आप पढाते थे वो मुजाहमत, येईच ना?" येईच, आम्ही म्हटले. मीटरवरचा ओम त्याला पाठ होता, हाताला रोध कळत होता. फक्त पुस्तकातला शब्द वेगळा होता, आणि त्या एका सांध्यावर त्याचे कॉलेज अडले होते. आपल्या मोहल्ल्यांत अशी किती मुले आहेत, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. ती बंद पडली की मुलेच कमकुवत ठरतात. मधली वायर कोणी तपासत नाही.

आता तो आयटीआयचा अर्ज भरणार आहे. तिथे शिकवणे मराठी-इंग्रजीत. सध्या रविवारी तो घरी येतो. आम्ही वहीत तीन रकाने आखले आहेत: मुजाहमत, रोध, रेझिस्टन्स, बर्की रौ, विद्युत धारा, करंट. पहिल्या रविवारी बारा शब्द झाले. चौथा रकाना त्याने स्वतःच आखला. त्यात टपरीवरचे शब्द आहेत, आणि मुजाहमतसमोर त्याने 'लूज' लिहिले आहे.