सुतळी

बोईसरला टायरच्या दुकानात त्या दिवशी सहज बोट फिरवलं आणि तार टचकन आत गेली. पुढचं डावं चाक. बाहेरून बघावं तर टायर ठणठणीत, नक्षी चांगली खोल. आतल्या कडेचं रबर मात्र पार संपून पोलादी तारा उघड्या पडलेल्या. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, आतून खाल्लाय. हायवेला घेऊन गेला असता तर फुटलाच असता." बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला, तो पुसायचं सोडून मी तशीच उभी राहिले. टायरवरून हात फिरवायची ही सवय माझी नव्हे, अप्पांची, माझ्या वडिलांची. पण अप्पा बोट फिरवत नसत, तळवा फिरवत, तोही फडकं घेऊन आतली कड बघून झाल्यावर. अर्धंच शिकलं की असं होतं.

अप्पांना जाऊन येत्या पावसाळ्यात तीन वर्षं होतील.

तळवा आधी बाहेरून आत न्यायचा, मग आतून बाहेर. टायर तिरका घासत असेल तर एका दिशेने हात मऊ सरकतो आणि उलट दिशेने किसणीवर फिरवल्यासारखा अडतो. आत येताना मऊ आणि बाहेर जाताना खरखरीत लागलं, तर चाकं पुढून एकमेकांकडे झुकलेली. म्हणजे टो-इन जास्त. याच्या उलट लागलं तर टो-आऊट. अप्पा म्हणायचे, "रुसलीत." दोन चाकं एकमेकांकडे पाठ करून निघालीत, आणि गाडी त्यांना फरफटत सरळ नेतेय. माझी रुसली होती.

पाम गावात आमच्या घरापुढे खळं होतं. लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ लावून द्यायला अप्पांनी त्यातला गाडीएवढा भाग कोबा करून घेतला आणि गवंड्याची पाणलेवल लावून चारही चाकांच्या जागा एका पातळीत आणल्या. आईला ते मुळीच आवडलं नव्हतं. पापड वाळत घालायची तिची जागा गेली. त्या कोब्यावर १९८६ च्या सुमाराची एक संध्याकाळ माझ्या डोक्यात रुतून बसली आहे. तारापूरच्या ॲटॉमिक पॉवर स्टेशनच्या कॉलनीतल्या एका साहेबांची पांढरी पद्मिनी. मी नऊ वर्षांची. अप्पांनी मला उचलून स्टेअरिंगमागे बसवलं आणि वाळूचं एक पोतं माझ्या शेजारी सीटवरच टेकवलं. साहेबांचं वजन ७० किलो, माझं २५, उरलेले ४५ पोत्यात. मग खिडकीतून आत वाकून म्हणाले, "बाय, श्वास घे. पण हलू नकोस."

मी हलले नाही. किती वेळ ते आठवत नाही. समोरच्या काचेवर एक मुंगी चढत होती, ती वरपर्यंत पोचून परत खाली आली.

बाहेर सुतळी लागत होती. चार घोड्या चार कोपऱ्यांत, गाडीच्या दोन्ही बाजूंनी चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर ताणलेल्या दोन सुतळ्या. पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, तेवढा फरक धरून दोन्ही सुतळ्या एकमेकींना समांतर करायच्या. यातच अर्धा तास जाई आणि अप्पा या अर्ध्या तासात कोणाशी बोलत नसत. मग पोलादी पट्टी घेऊन रिमच्या पुढच्या कडेपासून सुतळीपर्यंत माप, मागच्या कडेपासून सुतळीपर्यंत माप. दोन्हींतला फरक म्हणजे टो. पद्मिनी मागच्या चाकांवर चालणारी. तशा गाडीत चालताना पुढची चाकं रस्त्याच्या घर्षणाने किंचित बाहेर फाकतात, म्हणून उभी असताना ती दोन-तीन मिलिमीटर आत ठेवायची. धावायला लागली की सरळ होतात. आताच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांची चाकं इंजिनच्या जोराने आत यायला बघतात, म्हणून त्यांचं माप शून्याच्या आसपास, कधी जरासं बाहेर. चाकांखाली दोन-दोन पत्रे, मधे ग्रीस, म्हणजे टाय रॉड फिरवला की टायर जमिनीला चिकटून न राहता मोकळा सरकतो. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बघायला ओळंबा. आणि मागचा आस वाकडा बसला असेल तर तेही सुतळीच आधी दाखवी: पुढची चाकं सरळ, मागची भलतीकडे. अशा गाडीला अप्पा चिंबोरी म्हणत. तोंड तारापूरकडे आणि चाल कुरगावकडे.

पण या सगळ्याच्या आधी ते विचारत: गाडी कोण चालवतं? एकटेच जाता की घरचे असतात? वसईला सासुरवाडी आहे का? गिऱ्हाईक चक्रावून जाई. कारण साधं आहे. माणूस बसला की स्प्रिंग दबते, स्प्रिंग दबली की चाकाला धरणाऱ्या दांड्यांचे कोन बदलतात आणि चाक कलतं, वळतं. रिकाम्या गाडीवर बसवलेलं माप भरल्या गाडीत तसंच राहील असं नाही. रस्ताही विचारात घ्यावा लागतो. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधे फुगीर आणि कडेला उतरते असतात, आपण डाव्या अंगाने चालवतो, म्हणून हात सोडला की गाडी डावीकडे उतरायला बघते. तिला थोडंसं उजवीकडे राखून ठेवावं लागतं. चिल्हार फाट्याकडून येणाऱ्या टँकरांच्या मागून रोज जाणाऱ्याची गाडी वेगळी लावायची आणि महिन्यातून एकदा बाजाराला काढणाऱ्याची वेगळी.

इथे एक गोष्ट मधेच सांगते, तिच्यावाचून मला पुढे जाववत नाही. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या, म्हणून आतल्या चाकाला जास्त वळवावं लागतं. आज प्रत्येक गाडीत ही सोय कमी-अधिक प्रमाणात असते आणि तिला ॲकरमन म्हणतात. ती बसवली म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिराने, १८१७ च्या सुमारास. त्याच्या वतीने लंडनमध्ये पेटंट घेतलं रुडॉल्फ ॲकरमनने, १८१८ साली. ॲकरमन चित्रांच्या छपाईचा आणि पुस्तकांचा धंदा करणारा. दोनशे वर्षं झाली, नाव त्याचंच चालतंय. हे मी वाचलं तेव्हा मला त्या म्युनिकच्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं, आणि का वाटलं ते मला चांगलं ठाऊक आहे. अप्पांनी शिकवलेली तीन-चार मुलं आज ठिकठिकाणी गॅरेज चालवतात. सुतळी त्यांच्या हातात दिली. मी मुलीची जात, मला वजन म्हणून बसवलं. त्या संध्याकाळी काचेवरची मुंगी बघताना मला सुतळीचं एक टोक धरायचं होतं. नुसतं टोक. मी तसं बोललेही होते. अप्पा म्हणाले, "तू बसलीस म्हणून तर माप येतंय." हे उत्तर खरं होतं, पण माझं समाधान त्याने झालं नाही, अजून होत नाही.

पुढे गावोगाव कॉम्प्युटरची मशिनं आली. चाकांना चार डोळे लावायचे आणि पडद्यावर आकडे हिरवे झाले की झालं. अप्पा बोईसरला मुद्दाम एक मशीन बघायला गेले होते. तासभर उभे राहिले, घरी येऊन म्हणाले, "फार चांगलं आहे. आपल्याला पाव मिलिमीटर दिसत नाही, त्याला दिसतो." मग जेवताना म्हणाले, "आत कोणाला बसवलं नाही पण." सहा महिन्यांत खळ्यावरच्या गाड्या थांबल्या. त्यांनी कुरकुर केली नाही. ती सगळी मी करते. माझ्या या टायरचंच घ्या. दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात अलाइनमेंट करून घेतलं होतं, हिरव्या आकड्यांचा कागद अजून गाडीत आहे. पण लोअर आर्मचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, आधीच गेलेला. खड्ड्यात एकदा जोरात आपटली होती तेव्हाच गेला असणार. बुश ढिला असताना आकडे हिरवे करून काय उपयोग? गाडी रॅम्पवरून उतरली, पहिला ब्रेक मारला आणि चाक आपल्या मनाला येईल तिकडे गेलं. सुतळी काढायच्या आधी अप्पा जॅकवर चाक उचलून दोन्ही हातांनी हलवत. डाव्या-उजव्या बाजूला धरून हललं तर टाय रॉड, वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. मग पहार घालून बुश ताणून बघायचे. हे सगळं घट्ट असेल तरच सुतळी. मशीनवाल्याने एवढी दहा मिनिटं द्यायला हवी होती. मला राग आहे तो त्या न दिलेल्या दहा मिनिटांचा.

माझा मुलगा मुंबईला इंजिनिअरिंगला आहे. त्यांच्या कॉलेजच्या संघाने एका माणसाची उघडी शर्यतगाडी बांधली आणि फॉर्म्युला भारत या स्पर्धेसाठी कोइंबतूरला करी मोटर स्पीडवेवर नेली. करी म्हणजे एस. करिवर्धन, मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती नावाच्या शर्यतगाड्या बांधणारे. १९९५ साली विमान अपघातात गेले, ट्रॅक २००३ मध्ये त्यांच्या नावाने झाला. स्पर्धेच्या आदल्या रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मागे तंबू, दिवे, आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना ताणलेली दोरी.

मी म्हटलं, "हे काय रे?"

"स्ट्रिंग अलाइनमेंट, आई. ट्रॅकवर सगळे हेच करतात. कुठेही नेता येतं."

गाडीत त्यांचा ड्रायव्हर हेल्मेट घालून बसला होता आणि चार चाकांखाली चार वजनकाटे. मुलगा सांगत होता की वळणावर गाडी कलते तेव्हा बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं आणि टायर नुसत्या कडेवर उभा राहतो, म्हणून आधीच चाकं वरून दीड-दोन अंश आत झुकवून ठेवायची. ऐन वळणात ती सपाट बसतात. पुढे थोडा टो-आऊट, म्हणजे स्टेअरिंग हलवल्याबरोबर नाक आत घुसतं. सरळ रस्त्यावर अशी गाडी भिरभिरते आणि टायर आतून खाते. "पण आपल्याला टायर वाचवायचेच नाहीयेत," तो म्हणाला. मी त्याचं फारसं ऐकतच नव्हते. मला तो हेल्मेटमधला मुलगा दिसत होता. न हलता बसलेला. मी म्हटलं, "त्याला सांग, श्वास घे म्हणावं." मुलाला वाटलं, मी शर्यतीबद्दल बोलतेय.

अप्पा तेव्हा असते तर. पण ते आदल्याच पावसाळ्यात गेले. शेवटची चार वर्षं त्यांचे गुडघे फार वाईट झाले होते. उकिडवं बसून चाळीस वर्षं काम केलेलं, दोन्ही पाय कमानीसारखे बाहेर वाकलेले. त्यांच्या चपला मी कधी उलट्या करून बघितल्या नव्हत्या. एकदा झाडताना बघितल्या: दोन्हींच्या बाहेरच्या कडा तिरक्या खाल्लेल्या, डावीची जास्त, आतली नक्षी जशीच्या तशी. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर लावला आणि खुब्यापासून घोट्यापर्यंत एक रेघ ओढून दाखवली. ही गुडघ्याच्या मधून जायला हवी, तुमची आतून जातेय, म्हणून आतली गादी झिजली. अप्पा खुर्चीत पुढे सरकले. दुखण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ते रेघ बघत होते.

ऑपरेशनला नको म्हणाले. डॉक्टरांनी मग चपलेची बाहेरची कड उचलून बघा असं सुचवलं होतं. घरी येऊन त्यांनी जुन्या टायरचा एक तुकडा घेतला आणि दोन दिवस घासून घासून पाचरीसारख्या दोन पट्ट्या केल्या, बाहेरून जाड, आत निमुळत्या. त्या चपलांच्या तळाला चिकटवल्या. मग खळ्यावरच्या कोब्यावर जाऊन उभे राहिले, भिंतीला पाठ न लावता, आणि मला हाक मारली. खिशातून ओळंबा काढला, तोच, पितळेचा. सुतळी नवीन होती.

"खुब्यावर धर," म्हणाले. "इथे. हाड लागतं ना, तिथे."

मी एका हाताने सुतळी धरली, दुसऱ्या हातात पट्टी. ओळंबा हेलकावत होता, तो थांबायची वाट बघत बसले. अप्पांचा पाय थरथरत होता आणि त्यामुळे सुतळीही.

"हलू नका अप्पा," मी म्हटलं.

ते थांबले. ओळंबा स्थिर झाला. गुडघ्यापाशी पट्टी लावली.

"किती?"

"दोन सेंटिमीटर. जरा जास्त."

"आता दुसरा पाय बघ," ते म्हणाले. "आणि मग चपला काढून परत."