दोन श्रीमंत आणि एक डेझी

स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही १९२५ सालची कादंबरी कॉलेजात वाचली तेव्हा गॅट्सबी आमचा आणि टॉम ब्यूकॅनन शत्रुपक्षाचा होता. परवा पुन्हा वाचली आणि पंचाईत झाली. दोघे एकाच माळेचे मणी निघाले!

टॉम पिढीजात श्रीमंत, गॅट्सबी चोरट्या दारूवर गबर झालेला. दोघांच्या बंगल्यांमध्ये खाडी. पण टॉमने लग्नाच्या आदल्या दिवशी डेझीला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार दिला, तर गॅट्सबीने तिच्यापुढे शर्टांचा ढीग ओतला. हॉटेलातल्या भांडणात तर कहरच! गॅट्सबी सांगतो, हिचं टॉमवर कधी प्रेमच नव्हतं. टॉम सांगतो, होतं आणि आहे. डेझी समोरच बसलेली! ती बिचारी कबूल करते की प्रेम दोघांवरही होतं. ते उत्तर दोघांनाही चालत नाही.

हा शोध मी हिला मोठ्या उत्साहाने ऐकवला. “बाईला काय हवं ते विचारायची बुद्धी या पुरुषांना होतच नाही!” ही नुसती हसली.

संध्याकाळी एका स्नेह्यांकडे गेलो. वहिनींनी चहाचं विचारलं.

“हिला नको हं. ही संध्याकाळी चहा घेत नाही.”

“घेते की,” ही म्हणाली. “तीस वर्षांत विचारलंत कधी?”

माझ्याकडे शर्ट चारच आहेत, आणि मोत्यांचा हार तर नाहीच. तेवढं सोडलं, तर बाकी साम्य वाढतच चाललंय.