हरवलेला घोडा

घोडा हरवला असे म्हणताच तुमच्या डोळ्यांपुढे चार पायांचा प्राणी उभा राहील. मी सांगणार आहे तो घोडा लोखंडाचा, वीतभरही लांब नसलेला, एका जुन्या तोड्याच्या बंदुकीचा होता.

दिंद्रुड येथे आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. आम्ही मुले त्यांना आबा म्हणत असू. त्यांच्या माळवदाच्या घरी पूर्वजांची एक बंदूक खुंटीला टांगलेली असे. तिची नळी केव्हाच फुटलेली व दस्ता किडलेला होता. जवळच धारूरचा किल्ला आहे. आमच्याच जिल्ह्यात गोदातीरी राक्षसभुवन आहे, जेथे १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. अशा प्रांतात एखाद्या घरी असे हत्यार असावे, यात नवल नाही. आबा आम्हांस तिची रचना समजावून देत. जळता तोडा घोड्याच्या चिमट्यात धरावयाचा. चाप ओढला की घोडा वाकून बाजूच्या लहानशा वाटीतील रंजकेवर तोडा टेकवी, आणि ती आग कानातून नळीतल्या दारूस पोहोचे.

मी दहा वर्षांचा असताना आमच्या आडात पोहरा पडला. गळ मिळेना, म्हणून आबांच्या नकळत मी तो ढिला झालेला घोडा काढून दोरीस बांधला. पोहरा तर आला नाहीच, घोडाही पाण्यात गेला. मी गप्प राहिलो. पुढे तो आडही बुजविण्यात आला.

शिक्षक झाल्यावर वर्गात सत्याचे पाठ देताना ही गोष्ट मनास टोचू लागली. तसाच अस्सल घोडा मिळवून गुपचूप बसवावा, असे मी ठरविले. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलो, भंगारवाल्यांचे ढीग उपसले. दोन घोडे मिळाले, पण एकही बसेना. कारण नंतर उमगले. त्या काळचा कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून त्या एकाच बंदुकीपुरता घडवी. कोणताही भाग कोणत्याही बंदुकीस बसावा, ही कल्पना फ्रान्समधील ओनोरे ब्लां याने पुढे आणली. १७८५ साली जेफर्सन याने त्याच्याकडील पन्नास चकमकींच्या सुट्या भागांतून हाताला येतील ते तुकडे घेऊन स्वतः काही जोडून पाहिले. यंत्रांनी ही गोष्ट सर्रास केली ती एकोणिसाव्या शतकात. हातघडणीच्या बंदुकीचा अस्सल भाग एकच असतो; दुसरा केवळ जुना असतो.

अखेर एका विक्रेत्याने एक सबंध बंदूक पुढे ठेवली व म्हणाला, "हिचा घोडा काढून देतो, थोडा घासला की बसेल." मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. एक बंदूक मी लहानपणी अपुरी केली होती. आता जाणतेपणी दुसरी करणार होतो, आणि तीही पहिला अपराध झाकण्यासाठी!

त्याच आठवड्यात दिंद्रुडला जाऊन आबांपुढे सर्व कबूल केले. ते हसून म्हणाले, "लेकरा, मला तवाच कळलं होतं. तू कवा सांगतोस, तेच बघत होतो."

मग आम्ही दोघांनी बाभळीच्या लाकडाचा घोडा करून रिकाम्या जागी बसविला व त्यावर साल कोरले, म्हणजे पुढे कोणी त्यास जुना समजू नये. कायदाही ध्यानी ठेवावा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची सूट दुरुस्तीनेही न चालणाऱ्या जुन्या शस्त्रास आहे. किरकोळ भागांस आहे तीही ते इतर भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसेल तरच. आणि मुलांनो, जुन्या नळीत दारू भरलेली राहिली असण्याचा संभव असतो. वडीलधाऱ्यांवाचून तिला हात लावू नका.

ती बंदूक आजही अपुरी आहे, पण तिच्याविषयी लपविण्याजोगे काही उरलेले नाही. हरवलेली वस्तू पुष्कळदा परत मिळत नाही. तिच्या जागी खोटी वस्तू खरी म्हणून बसविण्यापेक्षा, उणीव उघडी ठेवून खरे सांगणे हीच खरी दुरुस्ती होय.