मुठीचा जमाखर्च

शस्त्र म्हणून स्टेपलरच्या पुढे माझी मजल कधी गेली नाही. आमच्या शाखेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन रखवालदार बसतो. तिच्या लाकडी दस्त्याला तो सणासुदीला खोबरेल तेल लावतो, एवढीच मी पाहिलेली लष्करी हालचाल. त्यामुळे टेक्सासहून आलेला भाचा परवा आगाशीला आमच्या ओटीवर बसून, सुकेळी चघळत, "मामा, मी पिस्तुलाची बॉडी बदलली," म्हणाला तेव्हा मी आधी आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होती. तिला वाटलं, स्कूटरचंच काहीतरी चाललंय.

प्रकार असा. गॅस्टन ग्लॉक नावाचे एक ऑस्ट्रियन गृहस्थ होते. आधी पडद्याच्या दांड्या वगैरे करत. त्यांनी प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल काढलं आणि १९८२ साली तिथल्या सैन्याने ते पसंत केलं. नळी आणि वरचा सरकता भाग पोलादी, खालचा सांगाडा मुठीसकट प्लॅस्टिकचा. रिकाम्या पिस्तुलाचं वजन सुमारे सव्वासहाशे ग्रॅम! हलकं म्हणून जगाने कौतुक केलं. आता त्यातलेच हौशी लोक जादा पैसे मोजून त्याला अॅल्युमिनियमचा सांगाडा बसवतात. का? तर हलकं पिस्तूल हातात फार उसळतं!

"म्हणजे वजन कमी म्हणून पैसे मोजले, आणि वजन वाढावं म्हणून परत मोजले?" माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. "हा खर्च दुरुस्ती खाती टाकलास की भांडवली?"

भाचा हसला, पण माझा मुद्दा बिनतोड होता. अमेरिकेच्या कायद्याने अशा पिस्तुलाचा सांगाडा म्हणजेच पिस्तूल. टेक्सासात नळी टपालाने घरी येते. दुकानातल्या नव्या सांगाड्यासाठी मात्र परवानाधारक विक्रेत्याकडे जाऊन फॉर्म भरावा लागतो. म्हणजे माझ्या हिशेबाने याने दुरुस्ती केलीच नव्हती. नवं पिस्तूल घेऊन त्याला जुन्याचे भाग चढवले होते. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्यात सुटे भागसुद्धा शस्त्रच!

"वजन असलं की हात स्थिर राहतो, मामा."

आईने सूप खाली ठेवलं. "हात कापतो का रे तुझा?"

भाचा जरा गप्प झाला. "घर मोठं आहे, आजी. एकटाच असतो. रात्री कुठे खुट्ट झालं तरी…"

माझा जमाखर्च तिथेच अडला. आईचा मात्र चुटकीसरशी जुळला. "मुलगी बघू का?" ती म्हणाली.

रात्री माजघरात ओळीने अंथरुणं पडली. मध्यरात्री परसात धप्पकन नारळ पडला. मी दचकून उठून बसलो. भाचा आजीच्या शेजारी मुठी उघड्या टाकून घोरत होता.

निघताना आईने सुकेळीची चार पुडकी त्याच्या बॅगेत कोंबली. "वजन वाढेल गं," मी म्हणालो.

"असू दे मामा," भाचा म्हणाला, "हात स्थिर राहील."